आकडा आधी

कुंभोजकर सरांच्या टेबलावर कॉम्प्युटर होता, कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर क्रोशाचा रुमाल होता आणि रुमालावर त्यांचा जेवणाचा डबा. मी डबा उचलून खिडकीत ठेवला, रुमालाची घडी केली आणि स्क्रीनचं बटण दाबलं. टक् असा आवाज आला.

"काय केलंत, बाई?"

"स्क्रीन लावला, सर."

"चालतोय का अजून? मी समजत होतो, गेला असेल."

कुंभोजकर सर जन्मापासून अंध. मिरजेत अंधांसाठी ब्रेल पुस्तकं छापणारी एक संस्था आहे, तिथे ते एकोणीस वर्षं प्रुफं तपासत होते. मजकूर टाइप करणं, त्याचं ब्रेल करणं, पहिली प्रत बोटांनी वाचणं आणि मग मशीनकडे पाठवणं, सगळं त्यांच्याकडे. त्याआधी सहा वर्षं याच संस्थेत ते खुर्च्यांना वेत विणायचे. "वेताने बोटं जाड होतात," असं ते म्हणायचे, "आणि जाड बोटाला ठिपका लागत नाही." म्हणून त्यांनी भांडून बदली करून घेतली होती.

ही दोन हजार अकराच्या जानेवारीतली गोष्ट. मी सत्तावीस वर्षांची होते, कॉम्प्युटर दुरुस्तीचं माझं स्वतःचं दुकान होतं आणि 'मीनल आवटीने हात लावला की मशीन सुरू' असं लोक म्हणायचे. लोक थोडं म्हणायचे, मी जास्त म्हणायचे.

संस्थेत 'ठिपका' नावाचं सॉफ्टवेअर वापरत. आपण साधा मराठी मजकूर टाकायचा, ते त्याचे ब्रेलचे ठिपके करून देतं. त्याचं तीन नंबरचं जुनं व्हर्जन कॉम्प्युटरवर होतंच. मी पाच नंबरचं नवं घालायला आले होते. जुनं काढून टाकता येत नव्हतं, कारण चारशे पुस्तकांच्या जुन्या फाइली फक्त त्याच्यातच उघडायच्या. आणि नव्यावाचून भागत नव्हतं, कारण जुन्याला गणितातल्या सगळ्या खुणा कळत नसत. अपूर्णांकातली छेदाची रेघ आली की ते ती गुपचूप गाळायचं आणि पुढे जायचं. दहावीच्या मुलांचे गणिताचे सराव पेपर छापायचे होते, तेव्हा नवं हवंच होतं.

नवं बसलं. स्क्रीनवर दोन चित्रं शेजारी शेजारी उभी राहिली आणि दोन्हीखाली एकच नाव: ठिपका, ठिपका. हे कसं चालेल? मी बाह्या सरसावल्या. एकाचं नाव ठेवलं 'ठिपका ब्रेल ट्रान्सलेशन सॉफ्टवेअर व्हर्जन ५'. दुसऱ्याचं 'ठिपका ब्रेल ट्रान्सलेशन सॉफ्टवेअर व्हर्जन ३'. नव्याचं चित्र हिरवं केलं, जुन्याचं लाल. दोन्ही एका ओळीत लावली, नवं वर, जुनं खाली. मग ती नावं सरांना मोठ्याने वाचून दाखवली.

"छान," ते म्हणाले. "आकडा आधी ठेवता येईल का, बाई? आधी पाच, मग ठिपका."

"येईल की. पण बरं दिसत नाही, सर. नावाआधी आकडा म्हणजे रेशनच्या रांगेत उभं केल्यासारखं."

"कुणाला?"

"काय कुणाला?"

"बरं दिसत नाही ते."

मी हसले. तेही हसले. विषय तिथेच राहिला.

इतक्यात त्यांच्या खिशातला फोन बोलायला लागला. "दूधवाला सदा. दूधवाला सदा." त्यांनी तो बंद केला.

"माझ्याकडे सदा दोन आहेत," ते म्हणाले. "एक दूधवाला, एक बँकेतला. तुमचा नंबर सांगा, अडलं तर लागेल." मी सांगितला. अंगठ्याने भराभर बटणं दाबत त्यांनी तो साठवला.

"काय नावाने ठेवलंत?"

"मीनल तीन झाल्या आता. एक मेहुणी, एक आमच्या शाळेतल्या बाई, आणि तुम्ही. वेगळं काहीतरी ठेवायला लागलं."

"पण काय?"

"फोन कराल तेव्हा ऐकू येईल."

"फोन करीन तेव्हा मी तुमच्याजवळ कशी असेन?"

"तेच तर," ते म्हणाले.

तेवढ्यात संस्थेचे चिटणीस देशिंगकर साहेब आले. निवृत्त हेडमास्तर, पांढरी पँट, पांढरा शर्ट, बोलणं मोजकं. त्यांनी वाकून स्क्रीन पाहिला. "वा. हिरवं नवं, लाल जुनं. डोळे मिटूनही सांगता येईल." हे वाक्य त्यांनी सहज म्हटलं आणि मलाही त्यात काही खटकलं नाही. जाताना त्यांनी सांगितलं की जूनपासून संस्थेच्या तिन्ही शाळांमधले कॉम्प्युटर माझ्याकडे द्यायचा त्यांचा विचार आहे. मी स्कूटरवरून परत गेले ती हरभऱ्याच्या झाडावर बसूनच.

संक्रांत झाली. तिळगूळ संपला. महिन्याच्या शेवटी साहेबांचा फोन आला, ताबडतोब या.

त्यांच्या खोलीत साहेब होते आणि समोरच्या खुर्चीत कुंभोजकर सर. मशीन चालवणारा बाबालाल दारात उभा होता. टेबलावर एक जाड कागद होता, ठिपके उठवलेला.

"जतहून पत्र आलंय," साहेब म्हणाले. "ब्रेलमध्ये. मला वाचता येत नाही. सर, परत एकदा वाचता का? यांनाही ऐकू दे."

सरांनी कागद मांडीवर घेतला. उजव्या हाताचं बोट ओळीवरून सरकायला लागलं आणि ते एका सुरात वाचत गेले.

"सप्रेम नमस्कार. मी भाग्यश्री, इयत्ता दहावी. तुमच्या सराव पेपर तीनमध्ये चौथा प्रश्न असा आहे: चौतीस अधिक बारा बरोबर किती. आम्ही वर्गात सातजण आहोत. सहाजणांनी सेहेचाळीस लिहिलं आणि गप्प बसले. पण दहावीला इतकी सोपी बेरीज येईल असं मला वाटत नाही. मग माझ्या लक्षात आलं, की मधली छेदाची खूण राहिली असेल. तीन छेद चार अधिक एक छेद दोन. म्हणजे पाऊण अधिक अर्धा, उत्तर सव्वा. असं असेल तर पुढचे नऊ प्रश्नही चुकलेत. आमच्या बाई म्हणाल्या, विचारून घे."

इथे ते थांबले. बोट मात्र शेवटच्या ओळीवर तसंच होतं.

"झालं?" मी विचारलं.

"एक ओळ आहे. तुम्ही पाठवण्याआधी तपासून पाठवता ना? कळावे."

त्या खोलीत तो कागद वाचू शकणारा माणूस एकच होता. शेवटची ओळ त्याने गिळली असती तरी कुणाला कळलं नसतं. हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं, पण मी ते मनावर घेतलं नाही. मी आपली माझ्या सॉफ्टवेअरच्या काळजीत होते.

"साठ मुलांना हे पेपर गेलेत, चार जिल्ह्यांत," साहेब म्हणाले. "ते एक वेळ परत छापू. पण तीन आठवड्यांनी प्रिलिमचे पेपर इथेच छापायचेत. त्यात असं झालं तर? मला एवढंच सांगा, बाई, चूक कॉम्प्युटरची की माणसाची?"

मी कॉम्प्युटर तपासला. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मशीनकडे गेलेली फाइल व्हर्जन तीनमध्ये तयार झाली होती.

"कॉम्प्युटर ठणठणीत आहे, साहेब," मी परत येऊन सांगितलं. "जुनं व्हर्जन उघडलं गेलंय. त्याने खुणा गाळल्या."

"दोन्हींची नावं स्पष्ट आहेत?"

"अगदी स्पष्ट. तुम्ही पाहिलीत ना."

"पाहिली." साहेबांनी चष्मा काढला. "कुंभोजकर?"

"मीच उघडलं, साहेब. दुसरं कोण उघडणार? सकाळी प्रूफ पाचमध्ये काढलं होतं. ते वाचलं, बरोबर होतं. जेवण झाल्यावर मजकुरात दोन शब्द सुधारले आणि परत ब्रेल करून पाठवलं. त्या वेळी तीन उघडलं गेलं."

"गेलं म्हणजे?"

"माझ्या हातून."

साहेबांनी चष्मा परत चढवला. वाईट माणूस नव्हता तो. त्यांनाही ते जड गेलं, हे दिसत होतं. "सर, एकोणीस वर्षांत तुमची चूक मी पाहिलेली नाही. पण हे पोरांच्या वर्षाचं काम आहे. आता दोन-दोन व्हर्जनं झाली, गुंतागुंत वाढली. मला वाटतं, ब्रेल करून मशीनकडे पाठवायचं काम दिसणाऱ्या माणसाकडे द्यावं. तुम्ही बाहेर टेलिफोनवर बसा. पगार आहे तोच राहील. उद्या अकरा वाजता नक्की करू."

सर उठले, काठी उघडली आणि बाहेर गेले.

मी त्यांच्या मागोमाग निघाले तर बाबालालने मला मशीनजवळ गाठलं. मशीन बंद होतं, कागदाची थप्पी तशीच होती.

"मॅडम, बारा वर्षं झाली मी हितं हाय. सरांनी धाडल्याला कागद मला कवा फाडायला लागला न्हाई. तुमचं नवं आलं आन् पयल्या म्हैन्यातच ह्ये."

"नवं चांगलंच आहे, बाबालाल. नव्यात काही चूक नाही."

"मशीनबी चांगलंच हाय ओ. त्येला काय कळतंय? येईल ते ठोकतंय." तो कागद उचलायला लागला. "सरांना ईस वर्सं व्हायला आली. आता फोनवर बसून हॅलो हॅलो करायचं व्हय?"

मला राग आला. खरं सांगायचं तर राग बाबालालचा नव्हता. कुणीतरी माझ्या कामाला नावं ठेवतंय याचा होता. मी तरातरा सरांच्या टेबलापाशी गेले. नावं किती स्पष्ट आहेत हे मला दाखवून द्यायचं होतं. स्क्रीन पुन्हा बंद, वर रुमाल, रुमालावर डबा.

"सर, तुम्ही ठिपका कसं उघडता ते एकदा मला दाखवा."

"या की. बसा."

त्यांनी कानावरचा हेडफोन काढून आवाज मोठा केला. कॉम्प्युटर बोलायला लागला आणि मला एक अक्षर कळेना. चणे भाजताना होतो तसा तडतड आवाज, त्यात मधेच एखादा शब्द.

"हे काय बोलतंय?"

"मराठीच बोलतंय. जरा वेगाने. तुम्ही ओळ अक्षर अक्षर लावून वाचता का? मग मी तरी का ऐकू?" त्यांनी माझ्यासाठी वेग कमी केला. "आता बघा. मला ठिपका हवंय. मी टी दाबतो. नावं इंग्रजी अक्षरांत आहेत, म्हणून टीने सुरू होणाऱ्या पहिल्या चित्रावर कॉम्प्युटर जातो."

त्यांनी टी दाबलं. आवाज म्हणाला, "ठिपका ब्रेल..." आणि त्यांनी एन्टर मारलं होतंसुद्धा. "हे पाच," ते म्हणाले. "आता बंद करतो. तुम्ही बसा खुर्चीत. तेच परत उघडा. स्क्रीन लावायचा नाही."

मी बसले. यात काय आहे, असं मनात म्हणाले. टी दाबलं. "ठिपका ब्रेल ट्रान्स..." मी एन्टर मारलं.

"उघडलं?"

"उघडलं."

"कुठलं?"

मी डबा उचलला आणि स्क्रीन लावला. लाल होतं. तीन.

"असं कसं?"

"तुम्ही आधीच पाचवर उभ्या होता. तिथून टी दाबलं की पुढच्यावर जातं, म्हणजे तीनवर. सकाळी आल्या आल्या टी दाबलं तर पाच. बंद करून परत दाबलं तर तीन. एरवी मी सकाळी उघडतो ते संध्याकाळीच बंद करतो, त्यामुळे दोन आठवडे काही झालं नाही. त्या दिवशी जेवायला उठताना बंद केलं."

"पण आवाज पूर्ण नाव सांगतो ना? शेवटी पाच की तीन ते सांगतोच."

"शेवटी सांगतो," सर म्हणाले. "बाई, मला दोन आत्या. एक कवठ्याची, एक तासगावची. कवठ्याची लाडू आणायची, तासगावची पाढे विचारायची. बाहेरून कुणी ओरडलं 'कवठ्याची', की पुढचं ऐकायच्या आत आम्ही पोरं दारात. 'तासगावची' म्हटलं की मागच्या दाराने पसार. 'आत्या' हा शब्द ऐकायला कधी थांबलोच नाही, कारण आत्या तर दोघीही. आपल्याकडे गाव आधी सांगतात ते उगाच नाही. तुम्ही मला दोन्ही वेळा आधी आत्या सांगितलीत, मग आत्याचं सगळं कूळ सांगितलंत आणि गाव अगदी शेवटी."

मी त्या दोन नावांकडे पाहिलं. ती ठेवली मीच होती, पण चित्राखाली ती कशी दिसतात ते मात्र त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. नावं इतकी लांब होती की चित्राखाली मावत नव्हती. दोन्हीकडे 'ठिपका ब्रेल ट्रा' एवढंच येऊन पुढे तीन टिंबं होती. म्हणजे डोळ्यांनाही पाच आणि तीन दिसत नव्हतेच. मला आणि साहेबांना फक्त हिरवा आणि लाल दिसला होता. आणि ज्या माणसाने ते रोज वापरायचं, त्याला ना हिरवा, ना लाल.

मला लाज वाटली. पहिल्या दिवसाचं ते 'कुणाला?' आठवलं. त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नव्हतं.

"सर, तुम्ही साहेबांना का नाही सांगितलंत?"

"काय सांगू?"

"की तुम्ही मला आकडा आधी ठेवायला सांगितलं होतं."

"नाव तुम्ही ठेवलंत. त्याच्याबद्दल तुम्ही बोलायचं. बोट माझं होतं, त्याच्याबद्दल मी बोललो." मग ते म्हणाले, "आणि खरं सांगू का? मी शेवटपर्यंत ऐकलं नाही, हेही खरंच आहे."

माझा हात एफ-दोनच्या बटणावर गेला. त्याने नाव बदलता येतं. दोन नावं, दोन मिनिटांचं काम. टिक् आवाज झाल्याबरोबर सर म्हणाले, "आत्ता बदलू नका."

"का?"

"बदललंत की सगळं पहिल्यापासून नीटच होतं असं होईल. मग उद्या साहेबांना काय दाखवणार?"

मी हात मागे घेतला. ते 'दाखवणार' म्हणाले होते. कोण दाखवणार, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांना ते विचारायचंही नव्हतं, हे मला कळलं. माझ्या डोक्यात मात्र त्या तीन शाळा होत्या. घरी जाऊन आईला सांगून झालं होतं, दुकानाच्या पाटीवर एक ओळ वाढवायचीही ठरवली होती. मी दुसऱ्या दिवशी आलेच नसते तर? कॉम्प्युटर ठणठणीत आहे हे मी सांगितलं होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं. न बोलता राहायला इतकी चांगली सबब मला पुन्हा कधी मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला पाच मिनिटं कमी असताना मी संस्थेत होते.

"साहेब, आधी दोन मिनिटं सरांच्या टेबलावर चला," मी म्हणाले. साहेब आले. सर खिडकीशी उभे होते, बाबालाल मशीन पुसत होता, पुसून झालेलं तेच ते परत पुसत होता. मी साहेबांना खुर्चीत बसवलं, टी आणि एन्टर दाखवलं आणि स्क्रीन बंद केला.

"नवं उघडा."

साहेबांनी टी दाबलं, एन्टर दाबलं. "उघडलं."

"बंद करून परत तेच उघडा."

त्यांनी तसंच केलं. मी स्क्रीन लावला. लाल. साहेबांनी चष्मा सारखा केला, परत एकदा करून पाहिलं. यावेळी हिरवं. पुन्हा लाल. मग त्यांनी हात टेबलावर ठेवले.

"मला याची सवय नाही, बाई. यांना आहे. यांना एकोणीस वर्षांची सवय आहे. मी चुकलो म्हणून यांची चूक माफ कशी होते?"

प्रश्न बरोबर होता. मी आदल्या संध्याकाळी जे पाठ करून आले होते त्यात याचं उत्तर नव्हतं.

"सवय आहे, म्हणूनच सरांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, साहेब. आकडा आधी ठेवा म्हणून. मी म्हणाले, बरं दिसत नाही. त्यांनी विचारलं, कुणाला. मी हसले. ही नावं माझी आहेत. काल तुम्ही विचारलंत, स्पष्ट आहेत का, तेव्हा मी म्हणाले अगदी स्पष्ट. ती स्पष्ट नाहीत. ज्यांच्यासाठी ठेवली त्यांचं मी ऐकलं नाही."

मशीन पुसणारा हात थांबला. साहेब खुर्चीतच वळले.

"कुंभोजकर, हे तुम्ही काल का नाही बोललात?"

"काल तुम्ही विचारलंत, उघडलं कुणी. त्याचं उत्तर दिलं."

साहेब उठले. सरांची खुर्ची त्यांनी नीट सरळ केली आणि पाठीवर हात ठेवून उभे राहिले. "बसा, सर. बाई, बदला ती नावं. सर सांगतील तशी."

मी एफ-दोन दाबलं. "पाच ठिपका ठेवू?"

"ठिपका कशाला?" सर बसत म्हणाले. "दोन्ही ठिपकेच आहेत. 'पाच, गणित' ठेवा. दुसऱ्याला 'तीन, जुनी पुस्तकं'. आकडे आकड्यातच लिहा, म्हणजे पाच दाबलं की पाचवर, तीन दाबलं की तीनवर. आणि ती लाल-हिरवी राहू द्या. तुम्हाला आवडलीत तर असू देत."

बाबालाल पहिल्यांदा हसला.

साठही संच दोन दिवसांत परत छापले. भाग्यश्रीला सरांनी पाटी आणि टोचणी घेऊन हाताने पत्र लिहिलं: उत्तर सव्वा, तुझी शंका बरोबर, आम्ही तपासून पाठवतो पण या वेळी चुकलो. खाली स्वतःचं नाव टोचलं आणि पाटी माझ्याकडे सरकवली. "तुमचंही नाव घाला. उजवीकडून डावीकडे टोचायचं, कागद उलटला की सरळ होतं." माझं नाव टोचायला मला वीस मिनिटं लागली आणि दोन कागद फुकट गेले. तिसऱ्यावरून सरांनी बोट फिरवलं. "मीनल," ते म्हणाले. "वाचता येतंय."

प्रिलिमचे पेपर त्यांनीच पाठवले. टेलिफोनवर ते कधीच बसले नाहीत.

तिन्ही शाळा मला मिळाल्या नाहीत. साहेबांनी ते काम सांगलीच्या एकांना दिलं. मला वाईट वाटलं, आणि हक्काने वाटलं असंही नाही. दीड वर्षाने साहेबांचा फोन आला: सांगलीवाले काम नीट करतात, पण सरांचं ऐकत नाहीत, तुम्ही या. तेव्हापासून आजपर्यंत मी जिथे जिथे दोन व्हर्जनं घालते, तिथे आधी खुर्ची वापरणाऱ्याला देते आणि विचारते, हाक काय मारणार? कोर्टात, दवाखान्यात, छापखान्यात. कुणी म्हणतं 'जुनं', कुणी म्हणतं 'वकिलांचं'. जो वापरणार त्याचा शब्द आधी. माझ्या हाताखालची मुलं हसतात, पण लिहितात तसंच.

दोन हजार एकोणीसमध्ये सर निवृत्त झाले. संस्थेच्या हॉलमध्ये समारंभ होता. भाषणं, नारळ, शाल. भाग्यश्री आली होती, बँकेत लागली होती. समारंभ संपल्यावर सर चहा घेत माझ्या शेजारी बसले होते, आणि अचानक मला आठवलं. आठ वर्षांत मी त्यांना कितीतरी फोन केले होते, पण शेजारी बसून एकदाही नाही. मी पर्समध्ये हात घालून गुपचूप त्यांचा नंबर लावला.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून आवाज यायला लागला. "ऐकणारी मीनल. ऐकणारी मीनल."

आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसत बसले नाही. सरांनी घाई न करता कप खाली ठेवला आणि फोन बंद केला.

"सापडला एकदाचा मोका," ते म्हणाले.

"पहिल्या दिवशी हेच ठेवलं होतंत?"

"छे. पहिल्या दिवशी त्याच्याआधी एक 'न' होता."

"मग कधी काढलात?"

"तुम्ही साहेबांशी बोललात ना, त्याच दिवशी. साडेअकराला," सर म्हणाले, आणि कप शोधायला हात पुढे केला. मी तो त्यांच्या हातात दिला.